गळाच्या रिळाची निवड



गळ टाकून मासे धरण्याच्या छंदाला आपल्या समाजांत फारशी प्रतिष्ठा नाहीं. ज्या घरांत मासा शिजत नाहीं तेथें तो पापाचा ठरतो, आणि ज्या घरांत मासा आवडीनें शिजतो तेथें तो रिकामटेकडेपणाचा ठरतो. कारण बाजारांत अर्ध्या घटकेंत मिळणाऱ्या वस्तूसाठीं जो दिवसभर उन्हांत बसतो त्याला व्यवहारी कोण म्हणणार? असें असूनही सुटीच्या दिवशीं पहाटे, शहर अजून झोपेंत असतांना, काठ्या बांधून तळ्याकडे निघणारीं माणसें पुण्यामुंबईंत आहेत. त्यांपैकीं जो कोणी नवा असतो तो मला हटकून एकच प्रश्न विचारतो: पहिलें रीळ कोणतें घ्यावें? आज आपण त्याच प्रश्नाचा विचार करूं. आपलीं तळीं, नद्या आणि धरणांचे जलाशय, म्हणजे गोडें पाणी, एवढ्यापुरतेंच मी बोलणार आहें. समुद्राचा विषय निराळा आहे. ज्यांना मासे धरावयाचे नाहींत त्यांनींही थोडें थांबावें. कारण खोक्यावर छापलेल्या आंकड्यांनीं विकत घेणारा कसा भुलतो, हा प्रश्न सर्वांचाच आहे.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मीं एक रीळ विकत घेतलें. तें सोनेरी होतें, झगझगीत होतें, आणि तेरा बॉल बेअरिंगें व आठ किलोंची ओढ रोखण्याचें सामर्थ्य, असे दोन गुण त्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले होते. दुकानांत त्याची मूठ फिरवून पाहिली. ती अलगद आणि निःशब्द फिरली. मीं आणखी कांहीं पाहिलें नाहीं. रीतसर परवाना काढून मी तें रीळ मावळांतील एका जलाशयावर घेऊन गेलों. तेथें भोई समाजांतील एक वृद्ध गृहस्थ मासे धरीत असत. त्यांना सारे नाना म्हणत. नानांजवळ काठी नव्हती आणि रीळही नव्हतें. एका फळकुटावर गुंडाळलेलें तंगूस, टोंकाला गळ व शिसें, आणि त्यांचीं दोन बोटें, एवढेंच त्यांचें साहित्य.

माझ्या दोराला चमच्याच्या आकाराचा एक पितळी तुकडा होता. पाण्यांतून ओढला म्हणजे तो लकाकतो आणि मोठ्या माशाला लहान मासळीचा भास होतो. तिसऱ्या प्रहरीं त्या चमच्याला महसीर लागला. काठी वांकली, मासा खोल पाण्याकडे धांवला, आणि नेमकें त्याच क्षणीं रीळ अडलें. दोर सोडण्याचा खुंटा मीं आधींच गच्च आवळून ठेवला होता. घट्ट तें बळकट, असा माझा समज. नाना ओरडले, "सायेब, ढील द्या, ढील! जाऊं द्या त्याला. जाऊन जाऊन जाणार कुठं? तळ्याभाईर तर जात न्हाई!" मीं घाईनें खुंटा सैल केला. क्षणभर कांहींच झालें नाहीं. मग एकदम हिसका बसून वीतभर दोर सुटला, पुन्हां अडला, पुन्हां हिसका बसला, आणि तिसऱ्या हिसक्याला तंगूस तुटलें.

आठ-दहा दिवसांनीं मी पुन्हां तेथें गेलों तेव्हां नानांनीं चंचींतून एक वस्तु काढून माझ्या तळहातावर ठेवली. तो माझाच पितळी चमचा होता. तुटलेलें तंगूस बुडालेल्या बाभळीच्या मुळांत गुंतून मासा तेथेंच मेला होता. नाना रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, "ना तुमच्या ताटांत आला, ना पान्यांत ऱ्हायला."

मासा धरून खाल्ला तर त्याला कांहीं अर्थ आहे. धरून पुन्हां सोडून दिला तर त्यालाही अर्थ आहे. परंतु तोंडांत गळ आणि मागें दहा हात दोर घेऊन तो कोठेंतरी गुंतून मरावा, याला कसलाच अर्थ नाहीं. आणि त्या मरणाला माझें रीळ व माझें अज्ञान हीं दोन्ही कारण झालीं होतीं. तेव्हांपासून मी एक नियम पाळतों. रीळ दोर ओढतें कसें हें मागाहून पाहावें. तें दोर सोडतें कसें हें आधीं पाहावें. आजच्या भाषणांतलें बाकी सारें या एका नियमाचें स्पष्टीकरण आहे, असें समजावें.

तें समजण्यासाठीं या यंत्राची रचना थोडी पाहिली पाहिजे. जुन्या रिळांत दोराचें चक्र स्वतःच फिरत असे. गळ दूर फेंकला कीं चक्र भरधांव फिरूं लागे, आणि अंगठ्यानें तें वेळींच आवरलें नाहीं तर दोराचा गुंता होई. स्कॉटलंडमधील पर्थ येथील पीटर मॅलॉक यानें १८८४ सालीं एक युक्ति काढली: फेंकतेवेळीं चक्र आडवें वळवावयाचें, म्हणजे तें न फिरतां दोर त्याच्या कडेवरून सुटतो. पुढें १९०५ सालीं ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यानें ही कल्पना पूर्णत्वास नेली. ब्रॅडफर्ड हें लोकरीच्या सूतकामाचें शहर आणि इलिंगवर्थ गिरणीच्या धंद्यांतला. आपल्या गिरणगांवांत ज्यांनीं माग चालतांना पाहिला असेल त्यांना त्याच्या रिळाचें मर्म सांगावें लागणार नाहीं. धोट्यांतील कांडी स्वतः फिरत नाहीं. सूत तिच्या टोंकावरून वेटोळ्यावेटोळ्यांनीं निसटत जातें. इलिंगवर्थच्या रिळांत नेमकें हेंच होतें, आणि आज ज्याला स्पिनिंग रीळ म्हणतात तें याच जातीचें. फेंकतांना कांडी स्थिर असते. ओढून घेतांना मूठ फिरविली कीं तारेची एक कमान कांडीभोंवतीं फिरून दोर तिच्यावर गुंडाळते, आणि कांडी मागेंपुढें सरकत राहिल्यानें दोर सारखा बसतो. १९३८ सालीं नायलॉन जगापुढें आलें, आणि त्याचा एकपदरी दोर, म्हणजे आपलें तंगूस, मिळूं लागल्यावर हीं रिळें घरोघर पोंचलीं.

आतां मुख्य गोष्ट. फेंकतांना स्थिर असलेली ही कांडी खिळ्यानें जखडलेली नसते. तिच्यावर नमद्याच्या किंवा कार्बन-तंतूंच्या चकत्या दाबून बसविलेल्या असतात आणि एका खुंट्यानें तो दाब कमीजास्त करतां येतो. माशाची ओढ या दाबाहून अधिक झाली कीं कांडी घसरून फिरते आणि दोर सोडते. याच योजनेला ड्रॅग म्हणतात. नानांचीं दोन बोटें जें काम करीत तेंच काम या चकत्यांनीं करावयाचें असतें. संक्रांतींत पतंग उडविणाऱ्या मुलांना हें शिकवावें लागत नाहीं. ढील द्यावयाच्या वेळीं जो मांजा धरून बसतो त्याचा पतंग प्रथम जातो.

परंतु घर्षणाचा एक स्वभाव आहे. घरांतील जड पेटी सरकवितांना पहिला धक्का मोठा द्यावा लागतो. एकदां ती हलली कीं त्याहून कमी जोरानें सरकत राहते. निकृष्ट ड्रॅगचा दोष हाच असतो. सुटण्यापूर्वीं तो चिकटून बसतो आणि सुटला कीं एकदम सुटतो. आपण चार किलोंना तुटणारें तंगूस वापरीत असलों तर ड्रॅग त्याच्या चतुर्थांशावर, फार तर तृतीयांशावर, म्हणजे एक ते सव्वा किलोवर लावावा, असा अनुभवी लोकांचा प्रघात आहे. उरलेलें बळ हें गांठीची कमजोरी, काठीचा हिसका आणि माशाची उसळी यांच्यासाठीं राखून ठेवलेलें असतें. जो ड्रॅग एक किलोवर लावला असतां पहिल्या हालचालीला अडीच-तीन किलो मागतो तो ही सारी शिल्लक पहिल्याच झटक्यांत खाऊन टाकतो. माझ्या सोनेरी रिळानें तेंच केलें. आणि खोक्यावरील आठ किलोंचा मोठेपणा किती फोल होता हेंही यावरून दिसेल. चार किलोंना तुटणाऱ्या दोरावर आठ किलोंच्या ड्रॅगचा उपयोग तरी काय? तेथें एक किलोची ओढ सारखी, न अडखळतां देणारें यंत्र हवें होतें.

याची परीक्षा दुकानांतच करतां येते. खिशांत पांच-सात मीटर दोर आणि शक्य तर एक लहान ताणकाटा घेऊन जावें. दोर कांडीवर पक्का बांधून गुंडाळावा, खुंटा थोडासाच आवळावा आणि कोणाला तरी रीळ धरावयास सांगून दोर सावकाश ओढावा. कांडीच्या कडेवर खडूची एक खूण केल्यास फार बरें. ती खूण घड्याळाच्या कांट्यासारखी टप्प्याटप्प्यानें चालतें कीं पाण्यावरील पानासारखी सरकते, हें डोळ्यांना दिसतें. ताणकाटा असेल तर सुटतांनाची ओढ आणि चालू असतांनाची ओढ यांत किती अंतर पडतें तें वाचावें. अंतर जितकें थोडें तितकें रीळ चांगलें. मग खुंटा हळूहळू आवळावा. प्रत्येक अल्प वळणाला ओढ अल्पशीच वाढली पाहिजे. पुष्कळ स्वस्त रिळांत अर्ध्या फेऱ्यांत "मुळींच नाहीं" पासून "गच्च" पर्यंत मजल जाते. तें रीळ परत द्यावें. ड्रॅगचा खुंटा कांहीं रिळांत पुढें, कांडीच्या डोक्यावर असतो, तर कांहींत मागें. मागचा हाताशीं सोयीचा खरा. परंतु पुढच्या पद्धतींत मोठ्या चकत्यांना जागा मिळते, म्हणून माझें मत पुढच्याच्या बाजूनें आहे.

येथें एक बारकावा सांगितला पाहिजे. मासा दूर जाऊं लागला कीं दोर आपोआप जड होतो. समजा, भरलेल्या कांडीचा व्यास ४५ मिलिमीटर आहे आणि ड्रॅग एक किलोवर लावला आहे. दोर जातां जातां व्यास ३० मिलिमीटरवर आला, तर खुंट्याला हात न लावतांही तीच ओढ दीड किलो होते. शिवाय पाण्यांत पसरलेल्या दोराचा स्वतःचा भार असतो तो निराळाच. म्हणून मासा लांब गेला म्हणजे घाबरून खुंटा आवळूं नये. उलट किंचित सैल करावा. ज्या क्षणीं मन म्हणतें "आवळ", त्या क्षणीं बहुधा सोडण्याची वेळ आलेली असते.

या नियमाला एक अपवाद आहे, तो मरळीचा. मरळ पाणवनस्पतींच्या दाट जाळ्यांत राहते आणि तिला तेथें फिरावयास सवड दिली कीं दोर झाडोऱ्यांत गुरफटलाच. तिच्यासाठीं जाड दोर, जाड काठी आणि घट्ट ड्रॅग लागतो. परंतु तेथेंही दोर जाड झाल्यामुळेंच ड्रॅग घट्ट चालतो, हें विसरूं नये.

आतां आकार. रिळांवर १०००, २५००, ४००० असे आंकडे असतात. हे आंकडे कोणत्याही मापाचे नसून केवळ लहानमोठेपणा दाखवितात, आणि एका कारखान्याचें २५०० दुसऱ्याच्या ३००० एवढें असूं शकतें. साधारणतः १००० हें बारीक दोर व लहान मासळी यांसाठीं, ४००० हें मोठ्या जलाशयांतील वजनदार माशांसाठीं, आणि २५०० किंवा ३००० हें मधलें. पहिलें रीळ मधलें घ्यावें. त्यावर पाव मिलिमीटर जाडीचें तंगूस दीडशे मीटरच्या आसपास बसतें. रोहू, मृगळ, चिलापी आणि मध्यम महसीर यांना तेवढें पुरतें. आपली काठी दुकानांत घेऊन जावी आणि तिच्यावर रीळ चढवून तोल पाहावा. दिवसांत दोन-तीनशें वेळां फेंकावयाचें असल्यावर पन्नास ग्रॅमचा फरक सायंकाळीं मनगटाला बरोबर कळतो.

मुठीच्या एका फेऱ्यांत कमान किती वेळां फिरते, त्याचेंही प्रमाण लिहिलेलें असतें. जसें ५ ला १. ४५ मिलिमीटर व्यासाच्या भरलेल्या कांडीवर या प्रमाणानें एका फेऱ्यांत सुमारें ७० सेंटिमीटर दोर गोळा होतो. ६ च्या वर गेलें कीं दोर भराभर येतो, पण मूठ जड लागते. सर्वसाधारण कामाला ५ च्या आसपासचें प्रमाण उत्तम. नवशिक्याचा हात नेहमींच गरजेपेक्षां जलद चालतो. त्याला आणखी जलद यंत्र देऊन काय साधणार?

बॉल बेअरिंगांचा मोह मला झाला, तो आपणांस होऊं नये. मुख्य दांत्याच्या दोन्ही बाजूंना, कमान फिरविणाऱ्या आंसावर आणि दोराच्या लहान गुंडीखालीं अशीं चार-पांच चांगलीं बेअरिंगें असलीं कीं काम भागतें. मुठीच्या बोंडांत आणखी चार घालून संख्या फुगवितां येते. संख्येपेक्षां बसणी महत्त्वाची. मूठ हातांत धरून मागेंपुढें हलवावी. ती खटखट हलली तर दांते नीट बसलेले नाहींत. कमान दहा वेळां उघडून मिटून पाहावी. दोर जिच्यावरून वळतो ती गुंडी दोर ताणून ओढला असतां फिरते कीं नाहीं, हें अवश्य पाहावें. ती न फिरली तर दोर तिच्यावर घांसून झिजतो आणि त्याला पीळही पडतो. देहाविषयीं एवढेंच सांगतों कीं, ग्रॅफाइट मिसळलेलें प्लॅस्टिक हलकें असतें व गंजत नाहीं, ॲल्युमिनियम भाराखालीं कमी लवतें. गोड्या पाण्यांत मध्यम माशांसाठीं दोन्ही चालतात. देहावर वाचविलेला पैसा ड्रॅगवर खर्च करावा.

चांगलें रीळ घेऊन तें वाईट रीतीनें भरणारे पुष्कळ आहेत. दोर कांडीच्या कडेपासून सुमारें दोन मिलिमीटर खालपर्यंत भरावा. त्याहून कमी भरला तर कडेला घांसून फेंक आंखूड पडते, आणि कांठोकांठ भरला तर वेटोळीं गळून गुंता होतो. वेणीसारखा विणलेला दोर वापरणार असाल तर आधीं तंगुसाचे चार वेढे द्यावे. नाहींतर तो गुळगुळीत धातूवर सबंध फिरत राहतो आणि ड्रॅग बिघडला असें आपणांस वाटतें. फेंकल्यावर कमान मुठीच्या झटक्यानें न मिटतां हातानें मिटावी. मासा दोर ओढून नेत असतांना मूठ फिरवूं नये; त्यानें दोर तसूभरही येत नाहीं, केवळ पीळ मात्र पडतो. घरीं आल्यावर ओल्या फडक्यानें रीळ पुसावें, त्या गुंडीला तेलाचा एक थेंब द्यावा, पण चकत्यांवर तेल पडूं देऊं नये. आणि ठेवण्यापूर्वीं खुंटा पूर्ण सैल करावा, म्हणजे चकत्या दबून कायमच्या चिकटत नाहींत. सासरीं आलेल्या रोजच्या भांड्याला जेवढी काळजी लागते तेवढीही याला लागत नाहीं.

हा सारा खटाटोप एका माशासाठीं कां, असें कोणी विचारील. आपल्या नद्यांतील महसीर अडचणींतून गेलेला मासा आहे. धरणांनीं त्याच्या विणीच्या वाटा अडविल्या. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या मत्स्यबीज केंद्रांत १९७० नंतरच्या दशकांत सी. व्ही. कुलकर्णी व ओगले यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञांनीं दख्खनी महसिराची कृत्रिम पैदास साधली आणि त्याचीं पिलें ठिकठिकाणच्या पाण्यांत सोडण्यांत आलीं. महाड तालुक्यांत काळ नदीवर वाळण कोंड म्हणून डोह आहे. तेथील महसीर देवीचे मानले जातात आणि गांवकरी त्यांना कोणास हात लावूं देत नाहींत. अशा डोहांत आणि अभयारण्यांच्या पाण्यांत गळ टाकावयाचाच नाहीं. जेथें टाकावयाची परवानगी आहे तेथें गळाचा उलटा कांटा पकडीनें चेपून टाकावा, म्हणजे सोडतांना माशाला इजा कमी होते आणि दोर तुटलाच तर गळ आपण होऊन निघण्याचा संभव राहतो. कोणी पिलें वाढविलीं, कोणी डोह राखले. त्या पाण्यावर जाणाऱ्यानें निदान न तुटेल असें साहित्य घेऊन जावें, ही अपेक्षा फार मोठी नाहीं.

माझें दुसरें रीळ साधें, काळसर रंगाचें आहे. त्यावर पांच बेअरिंगें लिहिलीं आहेत आणि किंमत सोनेरी रिळाहून कमीच होती. पहिल्या दिवशीं तें मीं नानांच्या हातीं दिलें. त्यांनीं मुठीकडे पाहिलेंही नाहीं. दोर दोन बोटांत धरला, डोळे मिटले आणि सावकाश हातभर ओढला, पुन्हां ओढला. मग रीळ मला परत देत म्हणाले, "हां. हें जाऊं देतंय."

आपण रीळ घ्यावयास जाल तेव्हां दुकानदार आपणांस मूठ फिरवावयास सांगेल. ती अवश्य फिरवावी, त्याचें मन मोडूं नये. परंतु पैसे देण्यापूर्वीं दोर दोन बोटांत धरावा, डोळे मिटावे आणि सावकाश ओढून पाहावा.